चार बोटं आखूड पडदा

बसा दोन घटका. काही मापायचं असेल तर आधी ते उरकू, नसेल तर नुसत्या गप्पा मारू. मी कापडाच्या दुकानातली लोखंडी मीटरपट्टी. फळीवर आडवी पडलेली असते ना, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, मधोमध हात लागून लागून गुळगुळीत झालेली, ती मी. मला शाळा नाही. जे शिकले ते गिऱ्हाइकांच्या तोंडून आणि मालकांच्या हातून. त्यामुळे बोलता बोलता गाडी आडवाटेला गेली तर सांभाळून घ्या. माल मात्र चोख आहे.

माझा जन्म भट्टीतला. लांबलचक लोखंडाचे तुकडे पाडले, त्यातला एक मी. ठोकून सरळ केलं, कानशीने घासलं, अंगावर रेघा पाडल्या आणि शेवटी मापं तपासणाऱ्या साहेबांनी पोटावर शिक्का मारला. माणसाला एकदा पदवीचा कागद मिळाला की तो भिंतीवर लावून सगळं विसरायला मोकळीक. आमचं तसं नाही. साहेब ठराविक काळाने पुन्हा यायचे, पुन्हा तपासायचे, पुन्हा ठोकायचे. माणसांनाही अशी सोय असती तर किती दुकानं बंद पडली असती! असो.

मालकांच्या हाती आले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. दुकान त्यांनी स्वतःच्या हिकमतीवर उभं केलं. एक बाई यायच्या. अख्खं कपाट खाली उतरवायला लावायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तो पहिलाच बरा होता." मालक हसून म्हणायचे, "मला ठाऊकच होतं, म्हणून तो मी परत ठेवलाच नव्हता." बाई खूश. घड्या घालता घालता मालकांची कंबर धरायची, पण तोंडावरचं हसू हलायचं नाही.

त्यांची एक खोड होती. कापड मापताना मीटर संपला की तिथे अंगठा टेकवायचे आणि पुढचा मीटर अंगठ्याच्या पलीकडून सुरू करायचे. म्हणजे मीटरमागे अंगठाभर कापड गिऱ्हाइकाला वर. सुरुवातीला मला राग यायचा. माझ्या पोटावर सरकारी शिक्का, आणि हा माणूस मला बोटभर खोटी पाडतो! पण मालक म्हणायचे, "मापात दिलेलं कुणी लक्षात ठेवत नाही, मापावर दिलेलं ठेवतात." पुढे पुढे तो अंगठा माझ्याही अंगवळणी पडला.

दुकानाच्या भिंतीला भिंत लावून शिंप्याची खोली होती. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि ते मालकांना शेठ म्हणत. शेठ म्हणण्यात आदर किती आणि टवाळी किती, हे मला अजून उमगलेलं नाही. आमच्याकडून कापड फाडलं की गिऱ्हाईक थेट त्यांच्याकडे. मास्तरांच्या गळ्यात टेप कायम लोंबत असायची, पण आमच्या कापडाला ती कधी लागली नाही. कुणी म्हणालं, "अहो, मापून तरी घ्या," तर मास्तर उसळायचे, "शेठच्या कापडाला टेप लावायची म्हणजे बायकोकडे ओळखपत्र मागण्यासारखं आहे!"

दिवस सरले. मालकांच्या मुलाने दुसरा पेशा धरला, परगावी गेला, चांगलं चाललंय त्याचं. दुकान विकलं. कपाटं गेली, आरसा गेला, पाटी गेली. मला मात्र मालकांनी काखेत मारलं आणि घरी आणलं. मालकीणबाई दारातच म्हणाल्या, "ही कशाला आता? घरात काय मापणार, माझी सहनशक्ती?" मग माझी रवानगी दारामागे, झाडूशेजारी. झाडू तसा बरा, पण त्याला संगत केराची. काही महिने असे काढले की विचारू नका.

सुंठीवाचून खोकला गेला तो शेजारच्या नर्सबाईंमुळे. मोठ्या इस्पितळात मुख्य नर्स होत्या, निवृत्त झाल्या तरी चालणं तेच, खाडखाड. सगळे त्यांना मेट्रन म्हणत. त्यांना पुस्तकांची मांडणी करायची होती. "शेठ, जरा पट्टी घेऊन या," म्हणाल्या. मालक गेले, मापून दिलं, चहा पिऊन आले. दुसऱ्या दिवशी कुणाची खिडकीची जाळी, तिसऱ्या दिवशी कुणाचा सोफा नव्या घराच्या दारातून जाईल का. बघता बघता मालक वस्तीचे मापाडे झाले. खांद्याला पिशवी, पिशवीत मी, टोपी बाहेर. दुकानात होते तेव्हा नव्हती इतकी धावपळ मागे लागली. मालकीणबाई म्हणायच्या, "दुकान बंद करून माणूस घरी बसतो म्हणतात. आमच्याकडे माणूस घर सोडून सगळीकडे बसतो."

तर आता सांगते तो आठवडा.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे. तिथे मेट्रननी निवृत्त मंडळींचं नाटक बसवलं होतं. एका राजाची झोप हरवते, अशी गोष्ट. राजा झाले होते बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरसाहेब. ते आडवे झाले की त्यांना दोन मिनिटांत खरीच झोप लागायची, म्हणून मेट्रननी त्यांना सिंहासनावर ताठ बसवून ठेवलं होतं. मालक प्रधान. वाक्यं मोजकी, पण मालक ती दाढी करताना, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, सगळीकडे पुटपुटायचे. मालकीणबाई वही घेऊन पडद्याआड उभ्या राहून आठवण करून देणार.

प्रयोग रविवारी. आणि सोमवारी कळलं की जुना पडदा उंदरांनी खाल्ला आहे.

मेट्रननी दम दिला, "रडायचं नाही. शेठ कापड आणतील आणि मापतील. मास्तर शिवतील. बुधवारी टांगायचा." दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू दुकानाची पाटी परत चढली.

मालकांनी त्याच दुपारी बाजारातून तांबड्या रंगाचं जाड कापड आणलं. हॉलच्या फरशीवर अंथरलं, गुडघ्याखाली उशी घेतली आणि मला हातात धरलं. पडदा उभ्या पटांचा. प्रत्येक पट रंगमंचाच्या उंचीएवढा आणि दुमडीपुरता जास्त, म्हणजे माझ्या तीन लांब्या आणि वर थोडं. मालकांचा अंगठा सवयीने टेकणार, तोच मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, हात सैल सोडू नका. कापड बेताचं आहे आणि सगळ्यांनी मिळून घेतलंय. तुमची दानत इथे दाखवलीत तर शेवटचा पट अर्धाच राहील."

मालकांनी अंगठा मुठीत दाबून धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला नुसतं माझ्या मापाने मापलं. शिक्कामोर्तब माप! मला तर भरून आलं.

मंगळवारी आम्ही निघालो. आधी औषधाचं दुकान, मग किल्लीवाला, मग एका ओळखीच्या बाईंच्या बाल्कनीची मापं, त्यांच्या मांजराने माझ्या टोपीला चाटून पाहिलं. मग मास्तरांचं घर. मास्तरांनी दुकान बंद केलं तरी मशीन घरी आणलं होतं. खिडकीपाशी ते आणि शेजारी कापायचं लांब टेबल. मालकांनी पट टेबलावर ठेवले, मला त्यांच्यावर आडवी टाकली आणि बाहेरच्या खोलीत मास्तरीणबाईंच्या हातचा चहा प्यायला बसले.

"मापून फाडलंय रे मास्तर," बाहेरून ओरडले, "तू फक्त शीव."

"तू मापलंस म्हणजे झालं," मास्तर आतून म्हणाले. टेप गळ्यातच. मला उचलून बाजूला ठेवलं, कात्री घेतली, आणि पहिल्या पटाचं तोंड, म्हणजे फाडलेली कड, सरळ करता करता चांगली चार बोटं रुंद पट्टी सर्रकन उतरवून टाकली.

मी दचकले. मग दुसरा पट. मग तिसरा. न बघता, गाणं गुणगुणत. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं आमचं कापड यांच्याकडे आलं, तेव्हा प्रत्येक मीटरमागचा तो अंगठा यांच्या हाताने आपोआप ओळखला होता आणि आपोआप काढून टाकला होता! एक मापावर द्यायचा, दुसरा तेवढंच उतरवायचा, तीन मीटरला तीन अंगठे म्हणजे चार बोटं. कुणी कुणाला कधी बोललं नाही. आणि आज अंगठा दिलेलाच नव्हता.

मास्तर, थांबा! असं मी किती आतून ओरडले. पण लोखंडाच्या ओरडण्याला आवाज कुठला? टेबलावरून खाली घरंगळायचा प्रयत्नही केला असता, पण घरंगळायला गोल असावं लागतं.

बुधवारी संध्याकाळी पडदा चढला. शिवण बघून सगळे वा वा म्हणाले. मेट्रननी दोरी ओढली, पडदा मधोमध मिळाला, आणि ड्रायव्हरसाहेब आत सिंहासनाकडे निघाले. बाहेरून सगळ्यांना दिसलं काय, तर पडद्याखालून चालत जाणाऱ्या दोन चपला.

"राजा आला," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. दोन माणसं सोडून.

मास्तरांनी खाली वाकून फट पाहिली. तोंडावरचा रंग उडाला. "शेठ, कापड कमी मापलंस."

"मी?" मालक म्हणाले. "मी हॉलची उंची दोनदा घेतली. दुमड तू जास्त मारलीस."

"दुमड बोटभर आहे. ये, उसवून दाखवतो."

"मग फट चार बोटांची कशी आली? चालत आली?"

"ते तू सांग. टेप न लावता शिवलं, हीच माझी चूक झाली."

हे वाक्य मालकांच्या वर्मी लागलं. मालकांचे कान लाल झाले. राग आला की त्यांची जीभ घसरते. दुकानात गिऱ्हाइकापुढे कधी घसरली नाही, पण मित्रापुढे घसरली.

"डोळे तपासून घे मास्तर. सुई ओवायला हल्ली बायको लागते तुला."

"आणि तू? परवा डोळ्यावर चष्मा लावून चष्मा शोधत होतास. सगळ्या घराला कामाला लावलं होतंस!"

"मेट्रन," मालक म्हणाले, "प्रधानाचं काम दुसऱ्या कुणाला द्या." मला पिशवीत कोंबलं आणि निघाले. मागून मेट्रनचा आवाज आला, "असा प्रधान असल्यावर राजाला झोप कशी लागेल!" पण मालक वळले नाहीत.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी मधोमध.

लोकांना वाटलं, दोन म्हाताऱ्यांची शिवणीवरून जुंपली. खरी गोष्ट मला गुरुवारी कळली. मालकीणबाई बाहेर गेल्यावर मालकांनी मला काढलं आणि जेवणाचं टेबल मापलं. मग परत मापलं. दरवाजा मापला, पलंग मापला, परत टेबल. दर वेळी तेच माप येत होतं आणि चूक सापडेना म्हणून त्यांचा चेहरा आणखी उतरत होता. शेवटी खुर्चीवर बसले, मला मांडीवर घेतलं आणि माझ्याशीच बोलले, "दादाचंही असंच सुरू झालं होतं."

त्यांचे थोरले भाऊ. मी पाहिलंय त्यांना. उत्तम दुकानदार. शेवटी शेवटी तेच कापड पुन्हा पुन्हा मापायचे आणि दर वेळी गिऱ्हाइकाला नवा आकडा सांगायचे. पुढे गिऱ्हाईकही ओळखेनासे झाले, मग घरची माणसं.

आता कळलं तुम्हाला? पडद्याचं दुःख नव्हतंच. आपल्या हातून माप चुकलं, म्हणजे आपणही त्याच वाटेला लागलो, हे त्या माणसाच्या मनाने घेतलं होतं. प्रधानाचं काम रागाने नव्हतं सोडलं. स्टेजवर वाक्य विसरलं तर सगळ्यांना कळेल, म्हणून सोडलं होतं.

संध्याकाळी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी पिशवीत होतेच. तरुण मुलगी, हसरी. आठवड्याचे वार उलटे म्हणा, कागदावर घड्याळ काढा, मघाशी सांगितलेले तीन शब्द सांगा. मालकांनी सगळं धडाधड सांगितलं.

"काका, तुम्ही एकदम व्यवस्थित आहात. माझ्यापेक्षा भराभर वार म्हणालात."

"पण पडदा चार बोटं आखूड आहे ना, बेटा," मालक म्हणाले.

ती हसून त्यांना दारापर्यंत सोडायला आली. रस्त्यात मालक पुटपुटले, "तिला वार कळतात. कापड कुठे कळतं?"

मास्तरांकडची खबर शुक्रवारी ड्रायव्हरसाहेबांनी आणली. रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर मालक आणि मास्तर बुद्धिबळ खेळायचे आणि ड्रायव्हरसाहेब दोघांनाही चुकीच्या खेळी सुचवायचे. शुक्रवारी बाकावर एकटे मालक. ड्रायव्हरसाहेब शेजारी टेकले. "मास्तर मशीन विकतोय म्हणे. हात गेला आपला, म्हणतो. कालपासून खोलीतला दिवासुद्धा लावला नाही त्याने."

 मालकांनी हातातला घोडा डबीत ठेवला, डबी मिटली. त्यांच्या मनात काय आलं ते मला स्वच्छ कळलं: माझ्या चुकीने त्याचा हात गेला. तिकडे मास्तरांच्या मनात तेच, उलट बाजूने. दोघेही आपापल्या घरात स्वतःलाच फासावर चढवून बसले होते, आणि गुन्हा झालेलाच नव्हता. हे ठाऊक असलेली मी एकटी, आणि मला तोंड नाही. काय सांगू, त्या रात्री झाडूसुद्धा म्हणाला, अगं, एवढं काय झालंय तुला?

शनिवारी मालकीणबाईंना जेवणाच्या टेबलासाठी मेणकापड हवं होतं. "चला मापायला," म्हणाल्या. मालक म्हणाले, "मी कसला मापतोय." त्या मला स्वतःच उचलून निघाल्या. बाईंच्या हातात मी पहिल्यांदाच. पकड चांगली होती.

मेणकापडाच्या दुकानात मास्तरीणबाई भेटल्या. नवरे बोलेनासे झाले तरी बायकांचं बोलणं थांबत नाही, हे या जगाचं नशीबच म्हणायचं. दोघी एका बाजूला झाल्या.

"जेवत नाहीत हो नीट," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मशीनवर चादर टाकून ठेवलीय. मी म्हटलं, एवढासा पडदा, उसवा आणि नीट करा. तर म्हणतात, त्याच्या कापडात मी आजवर कधी चुकलो नाही."

"आमच्याकडेही तेच. टेबल मापून मापून झिजवलंय." मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. "आणि तरी या वेळी किती जपून मापलं होतं! मी शेजारी उभी होते. म्हटलं, तुमचा तो अंगठा आवरा, कापड बेताचं आहे. एक इंच इकडे तिकडे जाऊ दिला नाही."

"कसला अंगठा?"

"अहो, ते दुकानात मीटरमागे अंगठाभर जास्त द्यायचे ना! सगळ्यांना."

मास्तरीणबाई हातातलं मेणकापड तसंच धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे ते जास्तीचं... अहो वहिनी, ते तर हे आधी कापूनच टाकतात!"

"कोण?"

"आमचे हे! तुमच्या दुकानाचं कापड आलं की तोंडाची पट्टी उतरवायची, हा नेम. मी त्या पट्ट्यांची टोपडी शिवायची. मेट्रन इस्पितळात न्यायच्या नव्या बाळांसाठी. इतकी वर्षं! मला वाटायचं, यांचं ठरलेलंच आहे तुमच्या शेठशी."

"ठरलेलं? आमच्या माणसाला पत्ताच नाही! आणि या वेळचं?"

"या वेळचीही उतरवली. तांबडी. झालीसुद्धा त्यांची टोपडी."

 आधी मालकीणबाईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, मग मास्तरीणबाईंनी तोंडावर पदर धरला. दुकानदाराने विचारलं, "ताई, पाणी देऊ का?" हसून हसून मालकीणबाईंनी मलाच आधाराला धरलं. मी त्या वेळी वाकले नाही, एवढीच माझी कर्तबगारी. पण खरं सांगते, आतून मी सैल पडले होते. चार दिवसांचा गळफास सुटला.

मालकीणबाई घरी आल्या आणि मालकांना म्हणाल्या, "चपला घाला." कारण सांगितलं नाही. मास्तरांच्या घरी पोचेपर्यंत मालक विचारत होते आणि त्या नुसत्या "चला" म्हणत होत्या.

मास्तर काळोख्या खोलीत मशीनपाशी बसले होते. मालकांना पाहून उठले नाहीत, पण "ये" म्हणाले. मालक उभेच राहिले. मग दोघे एकदमच बोलले.

"मास्तर, माप माझंच चुकलं असेल."

"शेठ, हात माझाच चुकला."

"गप्प बसा दोघं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि खिडकी उघडली. टेबलावर तांबडी टोपडी ओळीने मांडली. मालकीणबाई म्हणाल्या, "हा तुमचा पडदा." आणि मग दोघींनी मिळून, एकमेकींची वाक्यं तोडत, सगळं सांगितलं.

सांगून झालं. मालकांनी एक टोपडं उचललं, आपल्या मुठीवर चढवून पाहिलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकाला अंगठा देत होतो..."

"आणि मी काढून घेत होतो," मास्तर म्हणाले. "तुझ्या कापडाचं तोंड तिरकं असतं असं वाटायचं मला. म्हणायचं कसं? तुला वाईट वाटेल म्हणून सरळ करून घ्यायचो."

"तिरकं? माझं कापड?"

"मग एवढं जास्त कशाला येतं, दुसरं काय समजणार माणूस!"

"अरे गाढवा, ती दानत होती!"

"मग सांगायचंस ना! दानत काय गुपचूप करतात?"

"तशीच करतात!"

आणि दोघांनाही हसू फुटलं. मालक हसता हसता खाली बसले, आणि बसल्यावर त्यांचे डोळे भरले. "मास्तर, मला वाटलं मी दादाच्या वाटेने निघालो."

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "आणि मला वाटलं आता मी फक्त बटणं लावायचा. चूक नाहीच रे आपली. तू बरोबर मापलंस, मी बरोबर कापलं."

"मग पडदा आखूड कसा?"

"दोघांचं बरोबर एकाच दिवशी आलं, म्हणून!"

माणसांची गंमत बघा. चूक सापडली म्हणून इतका आनंद झालेली माणसं मी दुकानाच्या सगळ्या आयुष्यात पाहिली नाहीत. मास्तरांनी मशीनवरची चादर ओढून काढली. पण तांबडं कापड आता उरलं नव्हतं. बाळांच्या डोक्यांसाठी गेलं ते गेलं. तेव्हा मालकांना आठवलं की माळ्यावर दुकानातला एक तागा पडून आहे. जांभळ्यावर पिवळे ठिपके. कुणी फुकटातही नेला नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या, "तो? तो बघून उंदीरही पळतील." मास्तर म्हणाले, "मग तोच हवा. नव्या पडद्याला उंदीर लागायला नकोत." पडद्याच्या खाली त्याची झालर लावायची ठरली.

मालकांनी मला कापडावर ठेवलं आणि थांबले. "मास्तर, कसं मापू?"

"तू तुझ्या पद्धतीने माप."

"आणि तू?"

"मी कात्री लावायच्या आधी विचारीन."

"विचार. आणि मीही सांगून मापीन." इतक्या वर्षांत त्यांच्यात झालेला हा पहिला करार. टेप तरीही गळ्यातच राहिली, ते वेगळं.

रविवारी हॉल भरला. पडदा पार जमिनीला टेकला होता. खालची जांभळी झालर बघून एक मुलगी आईला म्हणाली, "आई, हा पडदा नाचणार आहे का?" मेट्रननी झालरीकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "राजवाडा आहे. राजाची आवड." विषय संपला.

प्रधान स्टेजवर आले. मी कोपऱ्यात मालकीणबाईंच्या पायाशी उभी. राजाने विचारलं, "प्रधानजी, माझी झोप कुठे आहे?" आणि मालक गप्प.

विसरले. मला कळलं, मालकीणबाईंनाही कळलं. त्या वहीतून कुजबुजल्या, पण मालकांपर्यंत पोचेना. गुरुवारचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. एवढ्यात मालकांनी हात जोडले, कमरेत वाकले आणि अगदी दुकानातल्या सुरात म्हणाले, "महाराज, तो माल सध्या संपलाय. पण मागवलाय. दोन दिवसांत येईल, आपण चक्कर मारून बघा."

हॉल कोसळला. ड्रायव्हरसाहेबांना राजेपण सांभाळता येईना, ते सिंहासनावर हसत हसत डुलायला लागले. मास्तर पहिल्या रांगेत मांडीवर थापा मारत होते. मेट्रन नंतर म्हणाल्या, हे वाक्य कायम ठेवा. मालक म्हणाले, "ठेवतो. पण आता हेच विसरेन कधीतरी." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसले. चार दिवसांपूर्वी हेच वाक्य त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं.

प्रयोग संपल्यावर सगळं सामान मास्तरांच्या घरी गेलं, मीही त्यातच. आज सोमवार आहे. मी मास्तरांच्या कापायच्या टेबलावर आहे, खिडकीतून ऊन येतंय, मशीन चालू आहे. मघाशी फोन वाजला. मास्तरांनी तो कानाला लावला.

"मास्तर, पट्टी कुठे ठेवली मी? सगळं घर पालथं घातलं."

"माझ्याकडे राहिलीय."

"हात्तिच्या! साफ विसरलो बघ." आवाजात भीतीचा लवलेश नव्हता, नुसतं हसू.

"विसर खुशाल. आठवण करून द्यायला आहे मी. येतोस का?"

"येतो. आधी बँक, मग चष्म्याचं दुकान, मग मेट्रनच्या नळाचं काहीतरी आहे. जेवणाआधी पोचतो. बुद्धिबळाची डबी आणतो."

मास्तरांनी फोन ठेवला आणि मला जरा उन्हात सरकवलं, खिडकीकडे. लोखंडाला ऊन बरं वाटतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तर मंडळी, माझं एवढंच. तुमच्याही घरात कुणी हल्ली फार गप्प असेल, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मापत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. कुणाला तरी बोलवा, चहा टाका आणि खिडकी उघडा. आणि मालक, तुम्ही सावकाश या. बँकेत रांग असेल तर असू दे. मी इथे मजेत आहे.